वंदनाचा नियम

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. एकदा पुण्याच्या एका जुन्या मित्राला सांगायला घेतलं होतं, दोन वाक्यं झाली, आणि तिसऱ्या वाक्यात मी त्याच्या मुलाच्या ॲडमिशनची चौकशी करत होतो. असं होतं. घशापर्यंत येतं आणि वळतं. त्यामुळे तुम्हालाही एकदम सांगता येईल की नाही, शंकाच आहे. थोडा लांबून येतो.

यवतमाळला आर्णी रोडवर फवारणीचे पंप आणि पाइप विकणारं एक दुकान होतं, त्याच्या वरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी सुरू झाली. कंपनी म्हणायला जीभ अडखळायची तेव्हा. चार टेबलं, एक कूलर, एक इन्व्हर्टर. खालून रबराचा आणि औषधांचा वास वर यायचा. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापायचा की मशीनपेक्षा माणसंच आधी बंद पडतील असं वाटे. मी मूळचा दारव्ह्याचा. घरी कापूस, तूर, सोयाबीन. शिकलो, पुण्याला गेलो, मोठ्या कंपनीत राहिलो, आणि बायकोला यवतमाळच्या कॉलेजात नोकरी लागली तसा परत आलो. लोक म्हणायचे, इथं सॉफ्टवेअर कोण घेणार? मी म्हणायचो, कापसातली सरकी काढणारे जिनिंगवाले घेतील, पतसंस्था घेतील. आणि खरंच घेतलं त्यांनी.

पण मला नुसतं सॉफ्टवेअर विकायचं नव्हतं. पुण्यात एकदा माझ्या हातून एक चूक झाली होती आणि आमच्या साहेबांनी मला सगळ्या मजल्यासमोर उभं करून तासलं होतं. मी मान खाली घालून उभा होतो. त्या दिवशी ठरवलं, माझी जागा झाली तर तिथं हे होणार नाही. तिथं कामाला एक रीत असेल. माणूस बदलला, रजेवर गेला, आजारी पडला, तरी काम त्याच रीतीनं होईल. आणि काही बिघडलं तर कोणी केलं हे कुणी विचारणार नाही. कसं झालं, एवढंच विचारायचं. आणि पुन्हा होऊ नये म्हणून रीत सुधारायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. करायला? मंगेश आमचा पहिला माणूस, गिऱ्हाइकांकडे जाऊन मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, लावून देणारा. त्याला मी सांगितलं की जे करशील ते आधी लिही, मग कर. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"सर, हे लिहून कायले ठेवाचं? मी तं इथंच आहो नं."

"तू नसशील त्या दिवशी?"

"मी कुठं चाल्लो?"

कुठंच गेला नाही तो, आजही आहे. पण तेव्हा त्याला पटवायला मला अख्खा एक पावसाळा लागला. कापसाचा हंगाम आला, फोन वाजायला लागले, की सगळे नियम गळून पडायचे. मग हंगाम उतरल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी हळूहळू एक शिकलो. नियम थोडे ठेवायचे, आणि प्रत्येक नियम आपल्याच एखाद्या ठेचेतून आलेला पाहिजे. पुस्तकातला नियम कुणी पाळत नाही. ज्या दिवशी आपली फजिती झाली त्या दिवसाचा नियम सगळे पाळतात. दर दिवाळीच्या आधी आम्ही बसायचो आणि जे नियम कुणी वापरत नाही ते काढून टाकायचो. आणि दर शुक्रवारी, आठवड्यात काय बिघडलं त्याची बैठक. तिला मंगेशनं नाव दिलं होतं — पंचनामा. "चाला, पंचनाम्याले बसा," असं म्हणत तो खालून चहा घेऊन यायचा. फार चांगले दिवस होते ते. मी उगाच म्हणत नाही. आज आमच्याकडे पुण्या-नागपूरहून लोक बघायला येतात, यवतमाळसारख्या ठिकाणी हे कसं जमवलं विचारतात, आणि मी बोलता बोलता त्या दोन खोल्यांत जाऊन पोचतो.

त्या खोल्यांत वंदना होती.

वंदना राठोड. दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. वडील शेती करायचे. तांड्यावरून इंजिनिअर झालेली ती पहिली मुलगी. मुलाखतीला आली तेव्हा मी तिला एक गणित घातलं, तर म्हणाली, "सर, हे दोन परकारे होते. कोन्ता दाखवू?" मी तिथंच घेतली तिला. तिच्यासारखं काम करणारं माणूस मी पुण्यातही क्वचित पाहिलं. ती प्रोग्राम लिहायला बसली की गुणगुणायची — त्यांच्या गोरबोलीतलं काहीतरी, शब्द आम्हाला कळायचे नाहीत. गुणगुणणं चालू असलं की मंगेश मला खुणावायचा, काम जोरात आहे. ते थांबलं की समजायचं, कुठंतरी अडलंय. आमच्या जिनिंगच्या सॉफ्टवेअरचा गाभा तिनं लिहिला. वजनकाट्यावर गाडी चढली की वजन नोंदलं जाणं, पावती निघणं, सगळं तिचं.

बघा, अजून फिरतोच आहे मी. येतो.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये आमचं सॉफ्टवेअर चालायचं. मोठं गिऱ्हाईक, आमचं पहिलं मोठं. ओल्या कापसाच्या वजनातून जी कपात करतात, तिला आमच्याकडे कटती म्हणतात. ती कटती कशी धरायची यात मालकाला — आम्ही त्यांना शेठ म्हणायचो — एक बदल हवा होता. ऐन हंगामात, दुपारी, त्यांचा मला फोन आला. म्हणाले, उद्या सकाळी काटा सुरू व्हायच्या आत पाहिजे. मी म्हणालो, होऊन जाईल.

आता आमची रीत काय होती? बदल एकानं लिहायचा, दुसऱ्यानं वाचायचा, आपल्याकडच्या मशीनवर चालवून पाहायचा, आणि मगच गिऱ्हाइकाकडे पाठवायचा. माझीच रीत. वंदना जवळच खोली करून राहायची, ती जेवायला गेलेली. मंगेश बाहेरगावी. आमच्यातला चौथा, एक नवा पोरगा, सुटीवर. दिग्रसच्या जिनिंगला जोडलेलं मशीन तेवढं वंदनाचं होतं, आणि ते चालूच होतं. मी तिच्या खुर्चीत बसलो. बदल एवढासा होता. लिहिला आणि पाठवून दिला. कुणी वाचला नाही. कुठं चालवून पाहिला नाही. उठलो आणि माझ्या टेबलावर येऊन बसलो.

ती परत आली तेव्हा तिला सांगायचं राहून गेलं — नाही. राहून गेलं नाही. टाळलं. रोज हिला नियम शिकवायचे आणि आता हिच्यासमोर सांगायचं की मीच मोडला? एवढ्याशा बदलासाठी? उद्या सांगू म्हटलं. सगळं नीट चालेल, मग हसत सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा सुरू झाला आणि पावत्या चुकीच्या निघायला लागल्या. कटती वजन नोंदतानाच होत होती. मी ती पावती छापतानाही घातली होती. म्हणजे दोनदा. पहिल्या काही गाड्यांवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकानं घरून कापूस तोलून आणला होता, त्यानं आवाज उठवला, आणि मागच्या सगळ्यांनी आपापल्या पावत्या काढल्या. काटा बंद पडला. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. मंगेश पहिल्या बसनं दिग्रसला पोचला, तर लोकांनी त्याला घेरलं. 'तुम्हीच मशीनमध्ये लांडीलबाडी करता,' म्हणत एकानं त्याची कॉलर धरली. शर्टाची वरची दोन बटणं तुटली. तो संध्याकाळी परत आला तेव्हा तशाच शर्टानं आला, एका हातानं गळ्याशी धरून.

आणि मी? चूक कुठं आहे हे मला फोन आल्या आल्या कळलं होतं. वंदनाला म्हणालो, कटतीची जागा बघ. तिनं बघितली, क्षणात सापडली, तिनंच दुरुस्त केली. बदल आपल्याच मशीनवरून गेलाय हेही तिला दिसलं. तिचा चेहरा उतरला.

शुक्रवारी पंचनाम्याला बसलो. नेहमीप्रमाणे बैठक मी चालवत होतो.

मंगेश म्हणाला, "शेठ सांगत होते, आदल्या दिवशी त्याईनं सरांले फोन केलता. बदल पाहिजे म्हनून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हीच ती वेळ होती. एक वाक्य — मीच बसलो होतो तिच्या मशीनवर. एवढंच. आमच्याकडे चुकीला शिक्षा नव्हती, ती रीत मीच घातली होती. मला कशाची भीती होती? कुणी कॉलर धरणार नव्हतं. पुण्यासारखं कुणी उभं करणार नव्हतं. मंगेश बसला होता समोर, दुसरा शर्ट घालून. त्याच्यासमोर मला ते वाक्य बोलता आलं नाही.

मी म्हणालो, "हो, फोन आला होता. गडबडीचा दिवस होता तो."

वंदना माझ्याकडे बघत होती. "सर, तुमी मले सांगतलं होतं का थे?"

मी टेबलावरचा पेन उचलला आणि पुन्हा ठेवला.

"मले आठवून नाही राह्यलं," ती म्हणाली. "त्या दिवशी दोन-तीन कामं एकदमच चालू होते. पन मशीन माझं आहे. म्हंजे मीच केलं असंन."

आणि मग मी काय केलं, ऐका. मी म्हणालो, "वंदना, कोणी केलं हे आपल्यात विचारत नाहीत. कसं झालं ते बघू." किती समजूतदार आवाजात म्हणालो मी. जो नियम मी माणसाला वाचवायला केला होता, त्याच्याआड मी लपलो. आणि गंमत बघा, त्या बैठकीत माझं एकही वाक्य खोटं नव्हतं. फोन आला होता. दिवस गडबडीचा होता. कोणी केलं हे आम्ही विचारत नव्हतो.

पुढे जे झालं ते मला त्याहून जड आहे. लोक मला चांगला म्हणायला लागले. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाता जाता राहिलं, पण सर तिला एका शब्दानं बोलले नाहीत — मंगेशनं हे गावभर सांगितलं. शेठच्या कानावर गेलं, त्यांनाही ते भावलं. काही दिवसांनी वंदनाचे वडील तांड्यावरून आले. पांढरा फेटा, खांद्यावर पोतं. पोत्यात तुरीच्या हिरव्या शेंगा. जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले. मी म्हणालो, काका, आत या, बसा. बसले नाहीत.

"साहेब, पोरीनं सांगतलं मले सारं. दुसरा कोनी असता तं घरी बसवली असती तिले. तुमी सांभाळून घेतलं."

मी काय म्हणालो असेन? "तुमची मुलगी हुशार आहे काका," म्हणालो. त्यांनी हात जोडले. मीही जोडले. वंदना मागं उभी होती, डोळे पुसत. त्या शेंगा आम्ही ऑफिसात उकडून, मीठ लावून खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

त्या पंचनाम्यातून एक नियम निघाला. तो वंदनानंच सुचवला. गिऱ्हाइकाकडे काहीही पाठवायच्या आधी हात थांबवायचा, शेजारच्याला मोठ्यानं विचारायचं — पाठवू का? शेजारच्यानं उठून येऊन कॉम्प्युटरचा पडदा बघायचा, आणि मग म्हणायचं — पाठव. याला आम्ही वंदनाचा नियम म्हणतो. चांगला नियम आहे. आमच्या कितीतरी चुका त्यानं अडवल्या. आज आमच्या हॉलमध्ये दिवसभर तुम्हाला ते ऐकू येईल, या कोपऱ्यातून 'पाठवू का', त्या कोपऱ्यातून 'पाठव'. बाहेरून येणाऱ्यांना त्याची फार मौज वाटते.

पण खरा नियम वेगळाच निघायला हवा होता, नाही का? गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून कंपनीचा मालक रीत मोडू शकत नाही, हा नियम. तो आमच्या भिंतीवर कधीच लागला नाही, कारण त्याची गरज मला सोडून कुणालाच माहीत नव्हती. मी एवढंच केलं की त्यानंतर गिऱ्हाइकाच्या कामाला कधी हात लावला नाही. मुलांना वाटतं, सरांचा आपल्यावर केवढा विश्वास. अख्खी संस्था मी 'खरं ते मोकळेपणी सांगा' या एका गोष्टीवर उभी केली, आणि तिच्या पायाशी हे आहे.

आणि वंदना. पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मले लिहिण्यापेक्षा तपासाचं काम द्या. लिहितानी भेव वाटते. आपुन केलेलंच आपल्याले आठवत नाही म्हंजे काय?" मी लगेच हो म्हणालो. जरा थांब, विचार कर, एवढंही म्हणालो नाही. तिनं तपासणीचं काम असं उभं केलं की आज कंपनीचा कणा म्हणजे वंदना. सगळ्या रीतीभाती तिच्या हाताखालून जातात. लोक म्हणतात, चुकीतून माणूस कसा घडतो ते बघा. असेल. पण तिच्यासारखं लिहिणारं पुन्हा कुणी आलं नाही. आणि ते गुणगुणणं थांबलं. कधी थांबलं, नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की फार दिवसांत ऐकलेलं नाही.

आता आम्ही चाळीसेक लोक आहोत. स्वतःची जागा आहे. दर वर्षी नवी मुलं येतात, दिग्रसहून, पुसदहून, वणीकडून. पहिल्या सकाळी वंदना त्यांच्यासमोर उभी राहते आणि आपली ती गोष्ट सांगते. काही लपवत नाही. "माझ्या हातून अशी मोठी चूक झालती," म्हणते, "आणि इथं मला कोणी हाकललं नाही. तर तुम्ही घाबरून काही झाकू नका." मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो. मी मागच्या खुर्चीवर बसलेलो असतो. दर वर्षी.

यंदा झरी जामणीकडची एक मुलगी आली आहे, रूपाली नावाची. जंगलातलं गाव, वडील वनखात्याच्या मजुरीवर. बारीक आवाजाची, पण प्रश्न विचारणारी. वंदनाची गोष्ट संपली तशी तिनं हात वर केला.

"मॅडम, तुम्हाला ते केलेलं आठवत नाही म्हणता. मग तुम्हीच केलं हे कशावरून?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. वंदना हसली. "मशीन माझं होतं नं. माझ्या खुर्चीत दुसरं कोण येऊन बसंन?" मग तिनं मागं माझ्याकडे बघितलं, जुन्या सोबत्याकडे बघतात तसं, सहज. "सर होते तवा. विचारा सरांले."

सगळी मुलं वळली. रूपालीही वळली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आजवर मी स्वतःला सांगत आलो होतो की मी खोटं बोललेलो नाही, गप्प राहिलोय. त्या सकाळी तेवढंही उरलं नाही.

"हो," मी म्हणालो. "वंदनाकडूनच झालं होतं ते."

रूपालीनं मान हलवली. वंदनानं पुढचा विषय काढला.

हे सांगतोय तेव्हा दुपार आहे. वंदना पलीकडच्या खोलीत बसली आहे, कुणाला तरी समजावून सांगते आहे, तिचा आवाज मला इथं ऐकू येतो. मधलं दार उघडंच असतं आमच्याकडे. दहा-बारा पावलं असतील. आणि मी हे तुम्हाला सांगितलं. तिला नाही.